चुन्याची भाकरी आणि गरोदरपणातला रक्तदाब



रसाला चुना दिल्याशिवाय मळी खाली बसत नाही, हे तुम्ही जाणताच. आज चुन्याचीच, पण निराळी हकीकत आम्ही सांगणार आहोत.

गरोदरपणी विसाव्या आठवड्यानंतर काही बायांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्याही वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच इलाज झाला नाही तर झटके येऊन माय-लेकरू दोघांच्या जिवावर बेतते.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालात मायन बाया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याच्या भाकऱ्या करतात. एवढी गरिबी, तरी तिथे हे झटके कमी आढळत. ते चुन्यातल्या कॅल्शियममुळे असावे, असे बेलिझान आणि व्हिलार या शास्त्रज्ञांनी १९८० साली मांडले. कॅल्शियम कमी पडले की शरीरातील ग्रंथिरस बिघडतात आणि रक्तवाहिन्या आवळतात, असा त्यांचा तर्क.

पुढे अर्जेंटिनात ११९४ गरोदर बायांवर प्रयोग झाला. १९९१ साली निष्कर्ष आला: साध्या गोळीवाल्यांत शंभरात सुमारे १५ जणींना रक्तदाबाचा त्रास झाला, कॅल्शियमवाल्यांत सुमारे १० जणींना. उलट अमेरिकेत १९९७ साली साडेचार हजारांवर बायांत फायदा दिसला नाही. त्यांच्या आहारात कॅल्शियम मुळातच पुरेसे होते.

आम्ही मातीपरीक्षणाचा आग्रह धरतो तो याचसाठी. ज्या जमिनीत जे उणे, तेच खत तिथे लागू पडते. अर्थात या दुखण्याचे मूळ वारेत असते. कॅल्शियम हे त्यातले एकच कारण.

म्हणून चुना चाटत बसू नका! सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅल्शियम गोळ्या रोज देण्याचे धोरण आहे. लोहाची गोळी त्यांच्याबरोबर घेऊ नये; दोन तासांचे अंतर ठेवावे. आणि गोळी चालू आहे म्हणून रक्तदाब मोजायचे टाळू नये.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोडणीला आलेल्या टोळीत एखादी गरोदर असते. गाव सुटले की तिची तपासणीही सुटते. मुकादमाशी बोला, तिला आरोग्य केंद्रात पाठवा. त्या दिवशी एखादी मोळी कमी बांधली जाईल, एवढेच.

— ऊस विकास अधिकारी