घर तेच, राहणारे वेगळे (लेखांक ७)

रहिवासी वस्तीत काय उभे राहावे याचा निर्णय अमेरिकेत बहुतांशी त्या त्या शहराची नगरपरिषद करते. १९२६ साली ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला आणि जमिनीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे पट्टे पाडणारी विभागरचना, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसते ‘झोनिंग’ म्हणतात ती, तेथे रुळून गेली. कागदोपत्री तिचा विषय इमारतींचा वापर हा असतो. परंतु आजारी, वृद्ध वा अपंगांच्या निवासाची पाळी आली की तीच नियमावली भिंती सोडून भिंतींआडच्या माणसांची प्रतवारी करू लागते.

‘नर्सिंग होम’ या शब्दाबाबत मराठी वाचकाने येथे सावध राहावे. महाराष्ट्रात डॉक्टरांचे थोड्या खाटांचे रुग्णालय किंवा प्रसूतिगृह या नावाने चालते आणि त्याची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते. अमेरिकेत मात्र परावलंबी माणसे महिनोन्महिने, कित्येकदा अखेरपर्यंत, जेथे राहतात त्या ठिकाणाला हा शब्द लावतात, तर साध्या घरात थोड्या जणांना देखरेखीखाली ठेवणाऱ्या सोयीला ‘ग्रुप होम’, म्हणजे समूहनिवास, म्हणतात.

टेक्सासमधील क्लीबर्न शहरात १९८० साली असा एक समूहनिवास निघायचा होता: चार खोल्या निजायच्या, दोन न्हाणीघरे, बौद्धिक अपंगत्व असलेले १३ स्त्री-पुरुष आणि चोवीस तास हजर राहणारे कर्मचारी. त्या विभागात सदनिका, विद्यार्थी वसतिगृहे, रुग्णालये, इतकेच नव्हे तर वृद्धांची नर्सिंग होमही वेगळ्या परवानगीविना चालत. पण वेडे, मतिमंद (शब्द त्या नियमावलीच्याच वळणाचे), दारूच्या वा नशेच्या आहारी गेलेले यांच्या संस्था आणि तुरुंग एकाच रांगेत बसवून त्यांना ‘विशेष वापर परवाना’ सक्तीचा केलेला होता. तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे आणि अर्जदाराला २०० फुटांच्या आतील मालमत्ताधारकांच्या सह्या आणाव्या लागत, म्हणजे शेजाऱ्यांच्या मर्जीला नियमातच जागा करून ठेवली होती. परिषदेने ३ विरुद्ध १ मतांनी परवाना नाकारला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

शहराने दिलेली कारणे जवळून पाहण्यासारखी आहेत. समोरच्या शाळेतील मुले या रहिवाशांना त्रास देतील असे म्हटले गेले, तर त्याच शाळेत असे सुमारे ३० विद्यार्थी शिकत असल्याचे निघाले. घर पाचशे वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या टापूत आहे असे सांगितले गेले, पण पुराला रुग्णालय आणि समूहनिवास यांतला फरक कळण्याचे कारण नव्हते. गर्दीचा मुद्दाही टिकला नाही, कारण त्याच घरात १३ विद्यार्थी राहते तर कोणी परवाना विचारला नसता. जुलै १९८५ मध्ये न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या निकालाने या वर्गासाठी कडक छाननी लावण्यास नकार दिला. नियमाचा एखाद्या रास्त हेतूशी तर्कसंगत संबंध असावा, एवढीच सौम्य कसोटी लावली, आणि परवान्याची मागणी तिलाही उतरली नाही, कारण तिच्या बुडाशी निव्वळ पूर्वग्रह होता. नियम मात्र सरसकट रद्द झाला नाही, तो या एका घरापुरता निष्प्रभ ठरला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांना हेच खटकले, आणि पुढच्या प्रत्येक अर्जदाराला तोच लढा पुन्हा लढावा लागतो हे पाहता त्यांची हरकत अधिक सयुक्तिक वाटते.

१९८८ च्या दुरुस्तीने समान निवास कायद्यात अपंगांचा समावेश होऊन शहरांवर ‘वाजवी सोय’ देण्याचे, म्हणजे गरजेनुसार नियमाला मुरड घालण्याचे, बंधन आले. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने नाते नसलेल्या पाचांपर्यंतच ‘कुटुंब’ मानले होते, आणि कुटुंबाची ही व्याख्या त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकत नाही, असे १९९५ साली न्यायालयाने ठरवले. कॅलिफोर्नियाने तर आकडाच बांधून दिला आहे: परवानाधारक निवासात सहा वा त्याहून कमी रहिवासी असतील, तर झोनिंगपुरते ते एक कुटुंब समजावे, आणि काळजी घेणारे कर्मचारी त्या सहांत मोजू नयेत. सातवा रहिवासी आला की शहराला पुन्हा परवाना मागता येतो, आणि म्हणूनच त्या राज्यातील साध्या वस्त्यांमध्ये वृद्धांची अशी घरे नेमक्या सहा खाटांची आढळतात.