शुश्रूषा : ऐकण्याची इच्छा

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रुग्णसेवा या अर्थाने वापरतो. वस्तुतः तो ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छार्थक रूपापासून सिद्ध झाला आहे. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करतो, म्हणून सेवा. आणि त्या सेवेतून पुढे आजाऱ्याची सेवा, असा या शब्दाचा प्रवास झाला. ही पुस्तिका ज्या गुरुजींच्या स्मृतीस वाहिली आहे, त्यांनी ही व्युत्पत्ती आम्हांस आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडून दाखविली होती. तेव्हा ती परीक्षेपुरती पाठ केली. तिचा खरा अर्थ निवृत्तीनंतर कळला, आणि तोही माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक शेवटी सांगणारच आहे.

परदेशांत वैद्यकीय मदत घेऊन जाणाऱ्या पथकांविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर डॉक्टर येतात, परिचारिका येतात, औषधांच्या पेट्या येतात. त्यांच्या मागे उभे राहणारे बिनपगारी मदतनीस सहसा दिसत नाहीत. आणि त्यांतही जे केवळ शब्द वाहून नेतात, ते तर मुळीच नाहीत. मी जन्मभर भाषा शिकविली. म्हणून त्यांच्याविषयीच चार गोष्टी लिहितो.

मराठी माणसाला या विषयातले एक नाव ठाऊक असते, ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू-ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली आणि १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. वर्गणी जमली आणि त्या वर्षी सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून निघाले : अटल, नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि बंगालचे बसू व मुखर्जी. चीनमध्ये पाचही जणांना नवी नावे मिळाली. प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हे अक्षर होते. कोटणीस ‘के दी-हुआ’ झाले. पुढील कथा चित्रपटामुळे घरोघरी पोचली आहे, तिची पुनरुक्ती करीत नाही. त्या चित्रपटाने उरलेल्या चौघांना मात्र आपल्या स्मरणातून जवळजवळ पुसून टाकले, ही माझी जुनी तक्रार आहे. परत आलेल्याची अमर कहाणी होत नाही.

भाषेच्या अंगाने पाहिले तर कोटणीसांचे मोठेपण एका वेगळ्या जागी दिसते. प्रारंभी दुभाष्याच्या आधाराने काम करणारा हा तरुण चिनी बोलायला शिकला, वाचायला शिकला, आणि त्या भाषेत वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागला. १९४१ साली बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. विद्यार्थ्यांसाठी शस्त्रवैद्यकाचे पाठ्यपुस्तक लिहीत असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. जखमी सैनिक काय म्हणतो ते मधल्या माणसावाचून ऐकू येईल, येथवर ते पोचले होते.

परंतु त्यासाठी चार वर्षे लागली. आजची पथके चार महिन्यांसाठी जातात, कधी चार आठवड्यांसाठी. १९७१ साली फ्रान्समध्ये काही डॉक्टरांनी व पत्रकारांनी ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’, म्हणजे ‘सीमा न मानणारे डॉक्टर’, ही संस्था स्थापिली. १९९९ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही संस्था पॅरिसमधील एका अनुवाद-कचेरीकडून पैसे मोजून भाषांतरे करवून घेत असे. ते काम फुकट करून दिले तर वाचलेला पैसा रुग्णांवर खर्च होईल, या साध्या हिशेबातून लोरी थिक आणि रॉस स्मिथ-थॉमस या दोन बाईंनी १९९३ साली ‘सीमा न मानणारे अनुवादक’ असा एक स्वयंसेवकांचा गट उभा केला. घरी बसून, आपला व्यवसाय सांभाळून, रात्री दोन पाने भाषांतर करून देणारी ही माणसे. यांचे छायाचित्र कोण काढणार?

या कामाचे मोल २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत कळले. इबोलाची साथ गिनी देशाच्या ज्या वनप्रदेशातून पसरली, तेथे गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. तेथील किसी भाषा बोलणारे लोक तिन्ही देशांत विभागले गेले आहेत. एकाच भाषेच्या नातेवाइकांना अलीकडे फ्रेंचमध्ये कागद मिळतो, पलीकडे इंग्रजीत. बेळगाव-खानापूरच्या वाचकाला हे चित्र अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आजार मात्र सीमा ओळखत नव्हता. लग्नाला, बाजाराला, अंत्यविधीला जाणाऱ्यांबरोबर तो इकडून तिकडे गेला. २०१६ पर्यंत तिन्ही देशांत मिळून २८,६०० हून अधिक लोकांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक दगावले.

प्रारंभीच्या महिन्यांत भिंतींवर जे फलक लागले, त्यांत या रोगावर औषध नाही असे ठळकपणे लिहिले होते. लोकांनी सावध राहावे हा हेतू. वाचणाऱ्याने सरळ अर्थ घेतला : औषधच नाही, तर केंद्रात जायचे कशाला? आजारी माणसे घरातच लपविली गेली आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही रोग जडला. वास्तविक शरीरातले पाणी व क्षार वेळेवर भरून काढले तर जगण्याची शक्यता वाढत होती. पण ते सांगणारे वाक्य मागाहून आले. अंत्यविधीचेही तसेच. मृतदेहाला स्नान घालण्यातून रोग पसरत होता, म्हणून पथके येऊन प्रेत घेऊन जात. आप्तांना तो आपल्या माणसाचा अवमान वाटे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने नवी पद्धत ठरविली. तिच्या नावात ‘सुरक्षित’ या शब्दाला ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द जोडला आणि विधीत कुटुंबाला व धर्मगुरूला स्थान दिले. याच काळात अनुवादक स्वयंसेवक स्थानिक भाषांत फलक आणि सूचना तयार करून देत होते.

असा अनुवाद शब्दकोश उघडून होत नाही. एकाने केलेले भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने उलट फिरवून पाहावे लागते. मग ते गावातल्या माणसाला वाचून दाखवून, तुला काय समजले, असे विचारावे लागते. आपल्याकडे रोगाची शंका असलेल्याला सर्रास ‘संशयित’ म्हणतात. हा शब्द पोलीस ठाण्यातला. तो ऐकून कोण आपण होऊन पुढे येईल? आणि उलट दिशेने पाहावे, तर वेदनेचे आपले शब्द किती! कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सणक जाते, हुळहुळते, भगभगते, ओढ लागते, मुंग्या येतात. कळ थांबून थांबून येते, ठणका नाडीच्या ठोक्यासारखा चालतो. माझे डॉक्टर मित्र म्हणतात, या फरकावरून अर्धे निदान होते. दुभाषा या सगळ्यांचे ‘दुखते’ असे एकच भाषांतर करून मोकळा होतो.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एक परदेशी पथक दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करण्यासाठी आले होते. मराठी सूचनापत्रक करण्याचे काम माझ्याकडे आले. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाचे पोट रिकामे हवे, नाही तर भूल दिल्यावर उलटी श्वासनलिकेत जाते, हे मला समजावून सांगितले होते. मी आधी ‘निराहार’ लिहिले. तो फार पुस्तकी वाटला, म्हणून खोडून ‘उपवास’ केला आणि स्वतःवर खूश झालो. खानापूर तालुक्यातील एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पहाटेच आली. परिचारिकेने विचारले तेव्हा कळले, की निघताना तिने त्याला केळे आणि दूध दिले होते. “उपासाला चालतंय म्हणून दिलं हो, सर,” ती मला म्हणाली. तिचे काहीच चुकले नव्हते. आपल्या घरांत उपवासाला साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, दूध-केळे तर चालतेच. शस्त्रक्रिया त्या दिवशी झाली नाही. पुढच्या दोन दिवसांच्या याद्या भरलेल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी पथक परत गेले.

वर्षाने ते पुन्हा आले. मी तिन्ही दिवस रांगेत त्या बाईला शोधीत होतो. ती दिसली नाही.

नवे पत्रक मी आधी शिबिरातल्या आयांना वाचून दाखविले, आणि कन्नड पत्रक माझ्या शेजारच्या निवृत्त कन्नड मास्तरांनी त्यांच्या मोलकरणीला. आयांनी माझी तीन वाक्ये बदलली. आता त्यात असे आहे : “रात्री बारानंतर बाळाला काही देऊ नका. दूध नको, केळे नको, बिस्कीट नको, साबुदाणा नको. देवाचे तीर्थ-प्रसादसुद्धा नको. रडले तरी नको. चुकून दिलेच, तर लपवू नका. आम्ही रागावणार नाही.” शेवटचे वाक्य माझे नव्हे. ते त्या आयांपैकी एकीने घालायला लावले.