फ्रेंच कानाने शिका: दुभाषी गोष्टी आणि ऑडिओ नेमके वापरायचे कसे?

हेडफोन लावलेत ना? जे ऐकण्याऐवजी वाचताय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. फ्रेंच शब्द मी देवनागरीत, जसे ऐकू येतात तसे लिहिलेत. शंभर टक्के अचूक उच्चार लिपीत पकडता येत नाही, त्यासाठी ऑडिओ हवाच. आणि आजचा विषयही तोच आहे.

आपल्याकडे फ्रेंच शिकणारे दोन प्रकारचे. पहिले अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेले. मार्क छान पडतात, पण फ्रेंच सिनेमा लावला की एक वाक्य कळत नाही. दुसरे बाहेर जायच्या तयारीतले. कॅनडाने २०२३ पासून एक्सप्रेस एंट्रीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. त्यासाठी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टींत एनसीएलसी ७ ही पातळी लागते. तीन उत्तम आणि एक कच्चं, असं चालत नाही. आणि कच्चं राहतं ते बहुतेक वेळा ऐकणंच.

असं का होतं? कारण फ्रेंच लिहिली जाते एक आणि बोलली जाते दुसरी. मराठीत साधारण जे लिहितो तेच म्हणतो, त्यामुळे आपला डोळ्यांवर फार विश्वास. फ्रेंचमध्ये तो धोका देतो. तीन उदाहरणं देते.

एक, न बोलली जाणारी अक्षरं. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात' ही दोन वाक्यं लिहिताना वेगळी दिसतात, ऐकताना दोन्ही 'इल पार्ल'. हिरवा, काच, किडा, कवितेची ओळ आणि खारीची फर, या पाचही शब्दांचं स्पेलिंग वेगळं, उच्चार मात्र एकच: 'व्हेर'. यावरून एक गमतीदार वादही झालाय. शार्ल पेरोने १६९७ मध्ये सिंड्रेलाची गोष्ट छापली, त्यात बूट काचेचा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात बाल्झॅकसारख्या लेखकाने म्हटलं की काचेचा कसा असेल, तो फरचाच असणार! पेरोने 'काच'च लिहिलंय, पण कानाला फरक कळत नाही म्हणून तर हा वाद होऊ शकला.

दोन, शब्दांची सांधेजोड. 'मित्र' म्हणजे 'आमी'. 'त्याचे मित्र' म्हणताना मधला मुका 'स' जागा होतो आणि 'झ' बनतो: 'सेझामी'. पूर्ण वाक्य घ्या, 'तो त्याच्या मित्रांसोबत आला'. कानावर येतं 'इलेतारिव्हे आव्हेक सेझामी'. तुम्ही सुटा 'आमी' पाठ केलेला असतो आणि कानाला 'झामी' नावाचा कुणीतरी भेटतो. संधी आपल्याला नवीन नाही, संस्कृतमध्ये केलीय. फक्त इथे ती कागदावर दिसत नाही.

तीन, नाकातले स्वर. 'बों', म्हणजे चांगला. इथे शेवटी 'न' नाही, 'म' नाही, स्वरच नाकातून जातो. आपण सवयीने 'बॉन' म्हणतो. जुन्या मराठीत असे अनुनासिक उच्चार होते. त्यांच्या खुणा म्हणून लिहिले जाणारे, पण न बोलले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले. कोकणातल्या बोलीत आणि गोव्याच्या कोंकणीत असे स्वर अजून जिवंत आहेत. मालवणी किंवा कोंकणी बोलणारा मित्र असेल तर त्याला फ्रेंच म्हणायला सांगा, नाकातले स्वर त्याला लवकर जमतील.

आता दुभाषी गोष्टींकडे येऊ. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे ओळखीची भाषा, ही पद्धत जुनीच आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलं. त्यात आवाज मात्र नव्हता, म्हणून अनेकांचं इंग्रजी कागदावर पक्कं आणि तोंडात वेगळं. फ्रान्समध्ये आसिमील ही प्रकाशन संस्था १९२९ पासून अशाच दुभाषी पाठांची पुस्तकं काढते, पुढे त्यांना ऑडिओची जोड मिळाली. त्यांची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. पहिले पन्नासेक पाठ फक्त ऐकायचे, वाचायचे, समजून घ्यायचे. मग पहिल्या पाठाकडे परत यायचं, फ्रेंच बाजू झाकायची आणि भाषांतरावरून फ्रेंच तयार करायचं. आधी कळणं, मग बोलणं.

दुभाषी पानाचा एक सापळा आहे. डोळे आपोआप सोप्या बाजूला पळतात. गोष्ट कळते, मजा येते, वाटतं फ्रेंच येतंय. खरं तर तुम्ही इंग्रजी गोष्ट वाचलेली असते. म्हणून क्रम महत्त्वाचा. मी वापरते तो सांगते, दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यासाठी.

पहिलं: कागद बाजूला, दोनदा नुसतं ऐका. काही कळलं नाही तरी चालेल. किती माणसं बोलतायत, कुठे प्रश्न आहे, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतोय, एवढंच पकडा.

दुसरं: फ्रेंच मजकूर समोर ठेवून ऐका. जिथे दोन शब्द जोडले जातात तिथे पेन्सिलीने कमान काढा. जी अक्षरं बोलली जात नाहीत त्यांच्यावर काट मारा.

तिसरं: आता भाषांतर उघडा. अडलेलं तेवढंच पाहा.

चौथं: शेजारी स्वतःचं मराठी लिहा. हे टाळू नका, कारण लगेच सांगते.

पाचवं: कागद मिटा आणि पुन्हा ऐका. वाचताना कळलेलं आता कानाला कळतंय का? खरी परीक्षा ही. नाही कळलं तर तोच तुकडा उद्या परत, नवीन नको.

सहावं: वाचणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागून त्याच्यासारखंच बोलत जा. लोकलमध्ये नको, लोक बघतात. गच्चीवर बेस्ट.

आता मराठीच का? बाजारात मिळणारी दुभाषी पुस्तकं बहुतेक फ्रेंच-इंग्रजी असतात आणि इंग्रजी नेमकं तिथेच झाकतं जिथे मराठी उघड दाखवते. इंग्रजीत एकच 'यू'. फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'व्हू', म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. गोष्टीत कोण कुणाला 'तू'वर येतं हे मराठीत लिहिताना ठरवावंच लागतं. नामाचं लिंग घ्या. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' असं विशेषण बदलायची सवय आपल्याला जन्मापासून आहे, आणि फ्रेंचमध्ये तर दोनच लिंगं, आपल्यापेक्षा एक कमी! 'हे पुस्तक मला आवडतं' याचं फ्रेंच 'स लिव्र म प्ले'. क्रम बघा: हे, पुस्तक, मला, आवडतं. शब्दाला शब्द. इंग्रजीच्या 'आय लाइक'वरून गेलात तर हेच वाक्य उलटं वाटतं.

मग गोष्ट कोणती घ्यायची? आधीच माहीत असलेली. कथानक ठाऊक असलं की मेंदू शब्दांकडे लक्ष देतो. आणि इथे आपल्याला एक घरचा फायदा आहे. ला फोंतेन हा फ्रान्सचा प्रसिद्ध नीतिकथाकार. १६६८ मध्ये त्याचा पहिला संग्रह आला. १६७८ च्या दुसऱ्या संग्रहाच्या सुरुवातीला त्याने स्वतः सांगितलंय की यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी तो पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याचा ऋणी आहे. म्हणजे पंचतंत्राचीच परंपरा, फारसी-अरबीमार्गे तिकडे पोचलेली. काठी तोंडात धरून दोन हंसांसोबत उडालेलं आपलं कासव आठवतंय? ला फोंतेनकडे हंसांची बदकं झालीत, ती कासवाला अमेरिका दाखवायचं आमिष दाखवतात, आणि फ्रेंचमध्ये कासव स्त्रीलिंगी असल्यामुळे 'तो' नाही, 'ती' आहे. मूळ ओळी पद्यात आणि जुन्या भाषेत आहेत, त्यामुळे सुरुवातीला मुलांसाठीचं गद्य रूप घ्या.

ऑडिओ फुकट मिळतो. लिब्रिव्हॉक्स २००५ पासून कॉपीराइट संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांच्या आवाजात देतंय, फ्रेंचही भरपूर. एकदा वायफायवर डाउनलोड केलं की डेटा लागत नाही. वाचणारे हौशी असतात, तेव्हा दोन मिनिटं ऐकून स्पष्ट आवाज निवडा. वेग ०.७५ करायला हरकत नाही, पण शेवटचं ऐकणं मूळ वेगातच.

एक इशारा. गोष्टींमध्ये 'पासे सँप्ल' नावाचा भूतकाळ भेटतो. 'तो गेला' हे पुस्तकात 'इल आला', पण रस्त्यावर 'इलेताले'. वाचताना ओळखा, बोलताना वापरू नका. बोलीभाषा गोष्टीत पुरेशी सापडत नाही. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा', कॅफेत झटकन 'शेपा'. म्हणून पेरो किंवा मोपासाँच्या जोडीला रोज थोडी आजची फ्रेंच हवी. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या भाषेतलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, लेखी मजकुरासह. आठवड्यात चार दिवस गोष्ट, तीन दिवस बातम्या, असं वाटून घ्या.

आणि एवढ्याने भागतं का? नाही. तुमचं बोलणं चुकलं तर ऑडिओ तुम्हाला सांगत नाही. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेज आहे, क्लास आहेत. नसेल जमत तर स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाच्या लगेच मागे लावून ऐका. 'बॉन' आणि 'बों' मधला फरक दुसऱ्या दिवशी स्वतःलाच ऐकू येतो.

या आठवड्याचं काम: कासवाची गोष्ट फ्रेंचमध्ये शोधा, पहिली दोन मिनिटं घ्या, सहाही पायऱ्या करा. पाचव्या पायरीला किती कळलं ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या भागात नाकातल्या स्वरांचा सराव एकत्र करू. तोवर, 'आ ब्याँतो', म्हणजे लवकरच भेटू!