फोन कोणी लावला?

घरात सगळे झोपलेले. कळफलकाला कोणाचा हात नाही. तरी कोपऱ्यातला मोडेम नंबर फिरवतो आणि त्याची कर्कश शिट्टी घरभर घुमते. नव्वदीच्या दशकात घरच्या लिनक्सवर इंटरनेटची ‘आपोआप जोडणी’ बसवणाऱ्या अनेकांच्या वाट्याला ही रात्र आलेली आहे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तास मोजून मिळायचे, फोनचे बिल वेगळे, आणि नेट चालू असेतो बाहेरच्याला घरचा नंबर ‘एंगेज’. अमेरिकेत लोकल कॉल बहुतेक ठिकाणी मोजला जात नसे, त्यामुळे तिथे लाइन उघडी ठेवून झोपता येई. युरोपात आणि आपल्याकडे मीटर पळे. म्हणून संगणकाने गरज पडली की फोन लावावा आणि काम संपले की ठेवावा, अशी सोय हवी होती.

एरिक शेंक यांच्या ‘डायाल्ड’ या प्रोग्रामने ती एका लबाडीवर उभी केली. लाइन बंद असतानाही ती चालू असल्याचे सोंग करायचे. त्या खोट्या वाटेवर एखादे पॅकेट आले, की खरा फोन लावायचा. पुढे मोडेमवरची जोडणी चालवणाऱ्या ‘पीपीपीडी’मध्येच ‘डिमांड’ हा पर्याय आला. कॅनबेराचे पॉल मॅकेरस हा प्रोग्राम वर्षानुवर्षे सांभाळत होते. फ्रीबीएसडीच्या ‘पीपीपी’मध्ये ‘ऑटो’ होते. तिथे १८० सेकंद शांतता राहिली, की लाइन आपोआप तुटे.

यात एक मजेदार पेच होता. थांबलेला ‘पीपीपीडी’ स्वतःला १०.६४.६४.६४ असा तात्पुरता पत्ता घेऊन बसतो. फोन लागल्यावर इंटरनेट कंपनी दुसराच पत्ता देते. पण ज्या पॅकेटमुळे फोन लागला, त्याच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता जुनाच! उत्तर येणार कुठे? लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी ‘आयपी डायनअ‍ॅडर’ नावाची खास कळ ठेवली होती. ती चालू असली, की पुन्हा पाठवताना पाकिटावरचा पत्ता बदलला जाई.

मग मध्यरात्री फोन लावणारा कोण? येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा ‘टीसीपीडम्प’ लावून बसले की चोर सापडे. कधी टपाल पाठवणारा सेंडमेल एखाद्या यंत्राचे नाव विचारत असे. कधी घरातल्याच जाळ्यावरचे विंडोज १३७ क्रमांकाच्या पोर्टवरून शेजारी शोधत असे, आणि तो प्रश्न नेमसर्व्हरमार्गे बाहेर पडे. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही कामे रास्तच. पैसे आपले जात, एवढेच.

त्यामुळे खरी कारागिरी फोन लावण्यात नव्हती, कशासाठी लावायचा नाही हे ठरवण्यात होती. ‘अ‍ॅक्टिव्ह-फिल्टर’मध्ये कोणते पॅकेट मोजायचे ते लिहून देता येई. सेंडमेलला ‘ही वाट महाग आहे’ असे सांगितले, की तो टपाल रांगेत धरून ठेवी. लाइन जुळताच ‘आयपी-अप’ नावाची छोटी स्क्रिप्ट आपसूक धावे. साठलेले टपाल तिने पाठवायचे, फेचमेलने नवे आणायचे, की झाले. ‘डायाल्ड’ला तर कोणत्या वेळी फोन लावायचा नाही तेही सांगता येई, आमच्या मते संपूर्ण संचातली ही सर्वांत शहाणी सोय.

‘पीपीपीडी’ची २.५.० ही आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. ‘डिमांड’ तिच्यातही आहे.