मुंज्याचं लग्न का अडलं, आणि एडवर्डचं का झालं

आजचा भाग भुतांच्या लग्नावर. हसू नका, विषय सीरियस आहे. आणि हो, दोन्ही गोष्टींचे स्पॉयलर आहेत.

२०२४ मध्ये आदित्य सरपोतदारचा ‘मुंज्या’ आला. सिनेमा हिंदी, पण भूत आपल्या कोकणातलं. आमच्या केळशीत तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना काही जण अजूनही झपझप चालतात, ते ह्याच्याच धाकानं. सिनेमात गोट्याला त्याच्याहून मोठी मुन्नी आवडते. त्याची मुंज लावतात, आणि थोड्याच दिवसांत तो मरतो. मग भुताचा एकच घोषा, लग्न. पण लग्नच का? सूड का नाही?

उत्तर संस्कारात आहे. मुंज झाली की मुलगा ब्रह्मचारी. ते व्रत सुटतं सोडमुंजीत. तिथे बटू काशीला निघाल्याचं नाटक करतो, मामा आडवा येतो नि म्हणतो, जाऊ नको, माझी मुलगी देतो तुला. म्हणजे बायकोचा पहिला शब्द मिळतो तो इथे! मुंज आणि सोडमुंज यांच्यामध्ये जो गेला, तो मुंजा. आमच्या कोडिंगच्या भाषेत, ट्रान्झॅक्शन सुरू झालं, कमिट नाही, रोलबॅकही नाही. रेकॉर्ड लॉक होऊन पिंपळावर.

आता ‘ट्वायलाइट’ घ्या. २००५ चं पुस्तक, लेखिका स्टेफनी मेयर, मॉर्मन. १८३० मध्ये जोसेफ स्मिथनं अमेरिकेत स्थापन केलेला हा पंथ. दारू नाही, चहा-कॉफी नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाही. आणि मुख्य म्हणजे त्यांच्या मंदिरात विधीनं लागलेलं लग्न मरणानंतरही टिकतं. आपल्याकडे सात जन्मांवर भागतं, तिथे थेट अनंतकाळ.

हे डोक्यात ठेवून एडवर्ड बघा. तहान रक्ताची, पण माणसाचं पीत नाही. बेला मागे लागलीये, तरी हा म्हणतो आधी लग्न. चौथ्या भागात लग्न, मूल, मग ती व्हॅम्पायर, आणि संसाराला शेवटच नाही. मेयरनं धर्मप्रचार केला असं मला वाटत नाही. आपण ज्या घरात वाढतो तिथले नियम आपल्या भुतांनाही लागतात, एवढंच. एडवर्ड थांबू शकतो, कारण त्याच्या जगात मरण लग्न तोडत नाही. मुंज्याला मरणानंच अडवलंय.

मला खरं खटकतं ते वेगळं. बेला निदान स्वतः ठरवते. मुन्नीला आणि पुढे तिच्या नातीला हे भूत विचारतच नाही, हवी म्हणजे हवी. शिवाय मुंज मुलाची, तीही मोजक्याच जातींत, म्हणून मुंजा व्हायलासुद्धा जात लागते. बाईच्या वाट्याला हडळ, म्हणजे बहुतेकदा बाळंतपणात गेलेली. तिच्या अडकण्यावर कोणी रोमँटिक कॉमेडी काढत नाही.

आजकाल सोडमुंज बऱ्याच घरांत लग्नाच्या तोंडावर उरकतात. मुंज आठव्या वर्षी, लग्न तिशीत. माझी अजून बाकी आहे, त्यामुळे आजी मला पिंपळाकडे फिरकू देत नाही.