फुकटच्या फोनचे पैसे कोण भरतो?

हंगामापूर्वीच्या गट बैठकीसाठी आम्ही वाघोलीस गेलो होतो. ऊस नोंदी, तोडणीचा कार्यक्रम, खोडव्याचे व्यवस्थापन असे नेहमीचे विषय झाले. चहा फिरू लागला तेव्हा मागच्या रांगेतील एका सभासद काकूंनी विचारले, "बँकेचा असतो तसा फुकटचा नंबर आपल्या कारखान्याला का नाही? आणि तसला घरी घेता येतो का हो? म्हणजे लेकीनं सासरहून कधीही लावावा, तिचा बॅलन्स जायला नको." सभेत हशा पिकला. पण काकूंच्या शेजारच्या रांगेतील एक सभासद काही हसले नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन आपली हकीकत सांगितली. ती पुढे येईलच. ती ऐकल्यावर मात्र या विषयावर एक पान खर्ची घालायचे आम्ही ठरवले.

प्रथम नावाचा उलगडा करू. आम्हा नगर रस्त्यावरच्या माणसांना टोल म्हटले की नाका आठवतो. परंतु इंग्रजीत लांबच्या गावी केलेल्या फोनच्या आकारासही टोल म्हणत. तो आकार फोन लावणाऱ्याला पडत नाही, म्हणून टोल-फ्री. पडत नाही याचा अर्थ तो नसतोच असा मात्र नव्हे. ट्रान्सपोर्टमध्ये 'टू-पे' बिल्टी असते, माल पाठवणारा मोकळा आणि भाडे माल घेणाऱ्याकडे. १८०० ने सुरू होणारा नंबर म्हणजे फोनची टू-पे बिल्टी. तुम्ही लावा, बिल समोरचा भरील.

आणि समोरचा तरी पदरचे भरतो का? आपल्या सभासदांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तोडणी आणि वाहतूक कारखाना करतो, पण तो खर्च अखेर उसाच्या दरातूनच वजा होतो. कंपनीच्या फुकट फोनचा खर्चही असाच तिच्या मालाच्या किमतीत कुठेतरी बसलेला असतो. सरकारी नंबर असेल तर तो करातून जातो.

हे घडते कसे तेही थोडक्यात सांगतो. १८०० चा नंबर कुठल्याही यंत्राला जोडलेला नसतो. तुम्ही तो लावला की फोन कंपनीची यंत्रणा एका यादीत पाहते, या नंबराच्या मागे खरा फोन कोणता? तो सापडला की कॉल तिकडे वळवते आणि आकार घेणाऱ्याच्या खात्यावर लिहिते. त्यामुळे एकाच नंबरावर पुण्याचा फोन पुण्यात आणि नागपूरचा नागपुरात घेता येतो, दिवसा एका कचेरीत आणि रात्री दुसरीकडे वळवता येतो. लावणाराला पत्ताही लागत नाही. १८६० हा नंबर मात्र वेगळा. दिसायला भाऊ, पण फुकट नव्हे. त्याचा आकार लावणाऱ्यावर पडतो, आणि तो अमर्याद बोलण्याच्या रिचार्जमध्ये धरलेला असेलच असे नाही. कित्येकांचा बॅलन्स त्यात गेलेला आहे.

आता काकूंच्या घरच्या नंबराकडे वळू. त्यांची कल्पना हसण्यासारखी मुळीच नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६७ साली ८०० चे नंबर सुरू केले. सुरुवातीस ते मोठ्या धंद्यांपुरते होते. पुढे दर उतरले तसे साध्या घरांनीही असे नंबर घेतले. मुलगा कॉलेजला परगावी गेला की खिशात नाणी असोत-नसोत, रस्त्यावरच्या फोनवरून घरचा ८०० नंबर लावी आणि बिल आईबाप भरीत. नंबरांना मागणी इतकी वाढली की ८०० ची मालिका पुरेना, १९९६ साली ८८८ ची जोडावी लागली.

आपल्याकडे त्या काळात घरी फोन असणे हीच मोठी गोष्ट होती. जुन्या लग्नपत्रिका काढून पाहा, फोन नंबरापुढे कंसात 'पी.पी.' सापडेल. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास बसावे लागे, आणि घाई असेल तर अर्जंट कॉलचे जादा पैसे मोजावे लागत. आपला आपण नंबर फिरवायची एसटीडी सोय देशात प्रथम १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान झाली, पण गावोगावी पिवळ्या पाटीचे बूथ दिसू लागले ते ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. रात्री उशिरा दर पाव होई म्हणून जेवणे उरकून लोक बूथवर रांग लावीत. काचेच्या खोलीत बोलणाऱ्याचे डोळे समोरच्या लाल आकड्यांवर. "बरं, ठेवतो, मीटर पळतंय" हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा पन्नाशीचा माणूस विरळा.

१९९५ साली मोबाईल आले तेव्हा तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, आणि मग आपल्या लोकांनी एक शोध लावला, ज्याचे श्रेय कोणत्याच कंपनीला नाही. तो म्हणजे मिस्ड कॉल. लेकीने एक रिंग द्यायची, बापाने उलट फोन लावायचा. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो, दोन म्हणजे स्टँडवर घ्यायला या. हे आपल्या घरांचे टोल-फ्रीच होते! लावणारा मोकळा, बिल घेणाऱ्याकडे, आणि भाडे, अर्ज, यंत्रणा काही नाही. पुढे मोठ्यांनीही हेच उचलले. २०११ साली अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा मिस्ड कॉलनेच नोंदवला जात होता. बँकेची शिल्लक मिस्ड कॉलने कळू लागली. २०२१ पासून इंडेनचे सिलिंडरही मिस्ड कॉलने नोंदवता येते.

तेव्हा काकूंना आमचे उत्तर असे की, १८०० चा नंबर मुख्यतः संस्था-व्यवसायांसाठी असतो. त्यास भाडे पडते, आणि शिवाय येणाऱ्या प्रत्येक कॉलचा आकार. २००६ साली देशभर एक रुपया मिनिट झाले, २०१६ नंतर रिचार्जमध्येच बोलणे आले. आता घरासाठी त्याची जरुरी राहिली नाही. लेकीचा बॅलन्स संपला तर तिला एक रिचार्ज मारून द्यावे, ते त्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल.

आता त्या न हसलेल्या सभासदांची गोष्ट. नाव-गाव आम्ही देत नाही, तसा शब्द दिला आहे. त्यांच्या मोबाईलवर संध्याकाळी निरोप आला, विजेचे बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला जोड तोडण्यात येईल. बिल तर भरलेले होते. मुलाने घाईने इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधले आणि जो पहिला नंबर दिसला तो लावला. दहा आकडी, साधा मोबाईल नंबर. पलीकडचा माणूस मराठीत, मोठ्या अदबीने बोलला. एक ॲप घ्या, फक्त दहा रुपये भरा, नोंद दुरुस्त होईल, असे म्हणाला. त्या ॲपने मोबाईलचा पडदा त्या माणसाला जसाच्या तसा दिसू लागला. दहा रुपये भरता भरता पिन त्याच्या डोळ्यांसमोर टाकला गेला. उसाच्या पहिल्या उचलीची रक्कम खात्यात होती, ती अर्ध्या तासात गेली. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलले नाही, आणि लाजेने तक्रारही तिसऱ्या दिवशी झाली. तोवर पैसे पुढे कुठल्या कुठे गेले होते.

आम्हांस यात मुलाचा दोष वाटत नाही. दिवसभर शेतात राबून रात्री वीज जाणार म्हटल्यावर कोणीही घाबरेल. पण टू-पे बिल्टीचा हिशेब इथे उपयोगी पडतो. तुमच्या कॉलचे पैसे भरणारी कोणीतरी संस्था आहे का, हे आधी पाहावे. खाजगी मोबाईल नंबरामागे अशी संस्था दिसत नाही, मग तो माणूस तुमच्यासाठी एवढा वेळ का घालवतो? अपवाद आहेत, उदाहरणार्थ गॅसचा मिस्ड कॉल नंबर दहा आकडीच आहे. म्हणून आकडे मोजण्यापेक्षा नंबर कुठून घेतला हे महत्त्वाचे. विजेचा नंबर वीज बिलावर छापलेला असतो, बँकेचा पासबुकावर व एटीएम कार्डाच्या पाठीवर, गॅसचा पुस्तकावर. तेथूनच घ्यावा. इंटरनेटच्या शोधातून घेऊ नये.

दुसरे असे की १८०० चा नंबर आपण लावायचा असतो. त्या नंबरावरून आपल्यालाच फोन आल्यासारखे दिसले, तर भुलू नये. फोन ठेवावा आणि पासबुकावरचा नंबर स्वतः लावावा. बँकांनी ग्राहकांना करायच्या कामाच्या फोनसाठी आता १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिली आहे, जाहिरातीच्या फोनसाठी १४०. आणि पिन हा पैसे देण्यासाठी टाकायचा असतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, मग पलीकडचा कितीही गोड बोलो.

तरीही फसगत झालीच तर १९३० हा नंबर तत्काळ लावावा. तोही फुकट आहे. पहिल्या तासा-दोन तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता असते. तिसऱ्या दिवशी ती फारच थोडी उरते. लाजायचे असेल तर फोन केल्यानंतर लाजावे.

घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत असे आणखी काही नंबर देतो. पोलीस, आग, कोणतेही संकट असो, ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८, ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. वीज तक्रारीसाठी १९१२. गॅसगळतीस १९०६. संकटातील मुलांसाठी १०९८. एकट्या वृद्धांसाठी १४५६७. जनावर आजारी पडले तर १९६२. आणि पिकावरील रोग, कीड, खते यांविषयी किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. हे केंद्र २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाले. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, रविवारसुद्धा, तेथे मराठीत बोलता येते. त्यांना उत्तर देता आले नाही तर प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. हुमणीविषयी विचारताना लागणीची तारीख, जात आणि पाणी केव्हा दिले हे सांगावे, नाहीतर उत्तरही मोघमच मिळते.

राहता राहिला कारखान्याच्या नंबराचा प्रश्न. असा नंबर घेणे अवघड नाही, फोन कंपनीकडे अर्ज केला की काम होते. आमचे मत विचाराल तर अडचण वेगळीच आहे. हंगामात सभासदाचा फोन येतो रात्री अकराला, "टोळी आली नाही, ट्रॅक्टर फडात उभा आहे," आणि त्या वेळी चिटबॉयचा मोबाईल बंद असतो. तेथे उचलणारा माणूस बसवला नाही तर १८०० काय आणि १८००० काय, रिंग वाजतच राहणार. वाघोलीच्या सभासदांची मागणी आम्ही शेतकी खात्याकडे लेखी दिली आहे. रात्रपाळीला माणूस देणार का, हा प्रश्नही त्याच कागदावर लिहिला आहे. उत्तर आले की याच पानावर छापू. तोपर्यंत गट ऑफिसचा जुना नंबर तोच आहे. तो ऊस नोंदीच्या पावतीवर मागच्या बाजूस पाहावा.