दोन प्रणालींचा संगणक व जोडणीतील बिघाड

धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांत संगणक ही आता केवळ कपाटात जपून ठेवण्याची वस्तू राहिलेली नाही. 'यू-डायस प्लस'ची माहिती भरणे, 'शालार्थ'वर वेतनदेयक तयार करणे, 'दीक्षा'वरील पाठ मुलांना दाखविणे ही कामे इंटरनेटच्या जोडणीवाचून होत नाहीत. ती जोडणी तुटली म्हणजे शिक्षकास तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावे लागतात आणि तेवढे तास वर्ग शिक्षकाविना राहतो. म्हणून बिघाड नेमका कोठे आहे हे ओळखण्याची रीत शिक्षकाने स्वतः जाणून घेणे अगत्याचे आहे.

एका संगणकात दोन प्रणाली कशा

संगणकाची यंत्रसामग्री एकच असली तरी ती चालविणाऱ्या प्रणाली दोन असू शकतात. विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा संगणकावर विंडोज कायम ठेवून तिच्या शेजारी उबुंटू किंवा 'सी-डॅक'ने तयार केलेली 'बॉस' यांसारखी लिनक्स प्रणाली बसविता येते. संगणक सुरू होताच दोन्ही नावांची यादी पडद्यावर येते व हवी ती प्रणाली निवडता येते.

तपासाचे मूळ तत्त्व

दोन प्रणालींमुळे गोंधळ वाढतो, असा एक समज आहे. वस्तुतः बिघाड शोधण्यास त्यांची मोठीच मदत होते. गाडी एक आणि गाडीवान दोन, अशी कल्पना करावी. एका गाडीवानाच्या हाती गाडी अडते व दुसऱ्याच्या हाती चालते, तर चाक मोडलेले नाही हे उघड आहे. दोघांच्याही हाती ती अडत असेल, तर मात्र खाली उतरून चाक व आस पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे जोडणी एकाच प्रणालीत बंद असेल, तर दोष बहुधा त्या प्रणालीच्या मांडणीत किंवा नेटवर्क कार्ड चालविणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीत असतो. दोन्हींत बंद असेल, तर केबल, राउटर, कार्ड किंवा बाहेरून येणारी सेवा तपासावी. हा निवाडा होण्यापूर्वी नवे कार्ड मागविणे म्हणजे शाळेचा पैसा व्यर्थ घालविणे होय.

झोपी गेलेले कार्ड

वरील तत्त्वास एक महत्त्वाचा अपवाद आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असता 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पुरती बंद होत नाही. आपली काही स्थिती डिस्कवर राखून ठेवते. अशा वेळी काही संगणकांत नेटवर्क कार्ड अर्धवट निद्रित अवस्थेत राहते व नंतर सुरू केलेल्या लिनक्सला ते जागे करता येत नाही. कार्ड धडधाकट असूनही मेल्यासारखे भासते ते यामुळे.

याकरिता विंडोजमधून लिनक्समध्ये जाताना 'शट डाउन'ऐवजी 'रीस्टार्ट' करावे. तेवढ्याने न भागल्यास संगणक बंद करून विजेची वायर काढावी, चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मग वायर पुन्हा जोडावी. या उपायाने गुण आला, तर विंडोजच्या 'कंट्रोल पॅनेल'मधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करावे. त्यामुळे विंडोजच्या भागातील फायली लिनक्समधून उघडतानाही अडचण येत नाही.

तपासाचा क्रम

१) प्रथम दिवे पाहावेत. केबल जेथे संगणकात शिरते तेथे बहुधा लहान दिवे असतात. ते दोन्ही प्रणालींत विझलेले असतील, तर आधी केबल बदलून पाहावी, नंतर राउटरचे दुसरे छिद्र वापरावे आणि शेवटी तीच केबल दुसऱ्या संगणकाला लावावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्यास कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही.

२) केबल नीट न्याहाळावी. तिच्यात आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. शंभर मेगाबिट वेगाला दोन जोड्या पुरतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात. म्हणून उंदराने एखादी तार कुरतडली, तर जोडणी न तुटता नुसती मंद होणेही शक्य असते. एका सलग केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

३) त्यानंतर पत्ता पाहावा. संगणकाला राउटरकडून अंकांचा एक पत्ता मिळतो. विंडोजमध्ये तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, किंवा लिनक्समध्ये पत्ताच दिसत नसेल, तर राउटरने उत्तर दिलेले नाही असे समजावे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा.

४) पुढे 'पिंग' ही आज्ञा वापरावी. तिच्यापुढे राउटरचा पत्ता लिहावा. तो बहुधा राउटरच्या मागील चिठ्ठीवर असतो. उत्तर आले म्हणजे संगणक, कार्ड व केबल ठीक आहेत. तरीही संकेतस्थळे उघडत नसतील, तर दोष राउटरच्या पलीकडे असण्याचा संभव अधिक. विंडोजमध्ये ही आज्ञा चार वेळा विचारून थांबते. लिनक्समध्ये ती 'कंट्रोल' व 'सी' या कळा एकत्र दाबून थांबवावी लागते.

५) वाय-फाय केवळ लिनक्समध्ये दिसत नसेल, तर त्या कार्डाचा ड्रायव्हर बसलेला नसावा. तो उतरवून घेण्यास इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असा पेच येथे पडतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइल फोन यूएसबी वायरने जोडून त्यातील 'यूएसबी टेदरिंग' सुरू करणे. एवढ्या जोडणीवर ड्रायव्हर उतरवून घेता येतो. लॅपटॉपवरील विमानाच्या चिन्हाची कळ चुकून दाबली गेली नाही ना, हेही पाहावे.

घड्याळाचा घोळ

संगणकातील घड्याळ विंडोज भारतीय वेळेनुसार ठेवते. लिनक्स मात्र जागतिक वेळेनुसार ठेवते. म्हणून प्रणाली बदलल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढे किंवा मागे दिसते. हा यंत्राचा दोष नव्हे. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची सूचना एकदा दिली म्हणजे घोळ मिटतो. परंतु तारीखच काही वर्षे मागे गेलेली असेल, तर आतील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. अशा वेळी जोडणी ठीक असूनही संकेतस्थळे असुरक्षित असल्याचा इशारा देतात. सेल बदलण्यास फारसा खर्च येत नाही.

घ्यावयाची दक्षता

वैशाख-ज्येष्ठात वळवाचा पाऊस विजांसह कोसळतो. वीज दूर पडली तरी तिचा आघात केबलच्या वाटेने कार्डापर्यंत पोहोचू शकतो. आभाळ भरून येताच विजेची वायर व नेटवर्कची केबल या दोन्ही काढून ठेवाव्यात. इतके करूनही कार्ड खरोखरच निकामी झाले, तर संपूर्ण संगणक टाकून देण्याचे कारण नाही. यूएसबीला जोडावयाचे वेगळे नेटवर्क कार्ड बाजारात मिळते.

दुरुस्तीस संगणक देताना विशेष सावध असावे. 'फॉरमॅट करून देतो' असे कोणी म्हटल्यास आधी मुलांचे काम व शाळेची कागदपत्रे यांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. डिस्क पुसली गेली म्हणजे तिच्यावरील दोन्ही प्रणाली व त्यांतील सर्व फायली जातात. आणि कार्ड मेलेले असेल, तर ते त्यामुळे जिवंतही होत नाही.

शाळेत या कामासाठी एक वही ठेवावी. तारीख, कोणती प्रणाली चालू होती, दिवे लागले होते की नाही, कोणता पत्ता दिसला, काय बदलले व काय घडले, एवढे तिच्यात लिहावे. सहावी-सातवीचे विद्यार्थी ही नोंद हौसेने ठेवतील व कारणावरून कार्य शोधण्याचा विज्ञानाचा पाठही त्यांना प्रत्यक्ष मिळेल. तालुक्यास तक्रार पाठविताना 'इंटरनेट चालत नाही' एवढेच न लिहिता या नोंदीची नक्कल सोबत जोडावी, म्हणजे येणारा दुरुस्तीकार योग्य ती वस्तू बरोबर घेऊनच येईल.